जगदाळ्यांच्या घराचं सवयपत्रक

नव्या चष्म्याची सवय माणसाला करावी लागत नाही, घराला करावी लागते, आणि त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. तेवढ्यात जी वस्तू किंवा जे माणूस चष्म्याला सरावलं नाही, ते कायमचं जुन्या नंबरात राहतं, म्हणजे पुसट. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आमच्या कराडात निम्म्या घरांत एखादं कपाट, नाहीतर एखादे काका पुसट असतातच, कारण लोक वेळेत काही करत नाहीत. मी त्यातला नव्हे. एकतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. गाड्या उशिरा आल्या असतील, माझी घोषणा कधी उशिरा झाली नाही.

खरं तर चष्मा बदलायचं माझ्या मनात नव्हतं. जुना आठ वर्षं चालला होता, आणखी चालला असता. पण दिवाळी झाल्यावर मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला पाटणच्या ऐवजी पलूसच्या गाडीत बसवलं, फराळाच्या डब्यासकट, आणि खाली उभं राहून हातही हलवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. वाईट काही बोलला नाही बिचारा, एवढंच म्हणाला, "दाजी, तुम्ही नियंत्रकच होता ना?" ते माझ्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मी खटावकरांच्या पायरीवर हजर होतो.

खटावकर चष्मेवाले दाढेखाली लवंग धरून बसतात आणि कामापुरतं बोलतात. डोळे तपासून त्यांनी नंबर काढला. आठवड्याने चष्मा तयार झाला, तेव्हा जुना दुकानात जमा करून घेतला आणि नव्याबरोबर माझ्या हातात सवयपत्रक दिलं.

"रस्ते, पोस्ट, स्टँड, देवळं यांची सवय नगरपालिकेनं करून ठेवलेली असते," ते म्हणाले. "तुम्ही घरचं बघायचं. दीड हातावर, उजेडात, पाव तास, मधे दुसरं काही करायचं नाही. झालं की माणसांची सही घ्यायची. वस्तूंपुढं खूण केली तरी चालेल. पंधराव्या दिवशी सहा वाजता मी पत्रक न्यायला येईन."

घरी आलो तर आमची ही, म्हणजे विजयमाला, ताम्हन घेऊन दारातच उभी. आमच्याकडे नवीन वस्तू आली की तिला हळदीकुंकू लागतं. स्कूटरला लागलं, मिक्सरला लागलं, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा लागलं. तिनं चष्म्याच्या दोन्ही काड्यांना हळद लावली, मध्ये नाकावरच्या भागाला कुंकू लावलं, आणि वर साखर ठेवायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला. मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

फरशी चार बोटं वर आली. दाराची चौकट पोटात फुगली. भिंतीवरचं घड्याळ जरा पुढे सरकून माझ्याकडे संशयानं बघायला लागलं. यात काही नवल नाही, पहिल्या दिवशी असं होतंच. मी खुर्चीला धरून पत्रक मोठ्यानं वाचलं आणि माणसांच्या रकान्यात पहिलं नाव हिचं घातलं.

"मी नाही बसणार," विजयमाला म्हणाली, आणि ताम्हन घेऊन माझ्या पाठीमागं गेली.

"का गं?"

"आठ वर्षांपूर्वीच्या नंबरात मी बरी होते. तिथंच राहू द्या मला."

"अगं पण कायमची पुसट दिसशील."

"पुसटच बरी. गालांवर वांग आलेत. खालचा एक दात गेलाय. भांग बघा केवढा रुंद झालाय. ते काय पाव तास समोर बसून दाखवायचं असतं होय?"

मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. उद्या स्टँडवरची प्रत्येक पाटी मला वाचता येईल आणि स्वतःच्या बायकोचं तोंड तेवढं दिसणार नाही, याला काय अर्थ आहे? पण ती कामाला लागली होती. म्हटलं आधी बाकीच्यांचं उरकू, तोवर तिचं मन वळेल.

मी पुठ्ठ्यावर वेळापत्रक केलं. न्हाणीघर सव्वासात. कपाट पावणेआठ. जिना साडेआठ, थांबे अकरा. दुधाचं पातेलं, देव्हारा आणि शिलाई मशीन पहिल्याच बैठकीत सरावले. घड्याळ दोन दिवसांत जागेवर गेलं. जिन्यानं मात्र माझा अंत पाहिला. दहा पायऱ्या मुकाट्यानं बसल्या, सातवी काही केल्या खाली जाईना. तिच्यासमोर मी तीन वेळा पाव पाव तास बसलो. चौथ्या दिवशी लक्षात आलं की बसताना मी मांडीवर पेपर उघडा ठेवतो. पेपर बाजूला ठेवला, नीट तिच्याकडे बघितलं, तशी बसली जागेवर. चूक माझीच होती.

शेजारचे निकम सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाव तास ताठ बसले, मुलांना बसवायचे तसे. नवव्या मिनिटाला मला दिसलं की सरांना मिशी आहे.

"मिशी कधी ठेवलीत?" मी विचारलं.

"सात वर्षं झाली," सर म्हणाले. त्यांनी सही केली, चहा घेतला आणि जाताना जरा हिरमुसले होते असं मला वाटलं.

इकडे विजयमाला काही माझ्या समोर येईना. चहा पाठीमागून पुढे करायची. बोलायची ती स्वयंपाकघरातून. मी वळलो की वळायची, मी उठलो की मोरीत जायची. जेवताना माझं ताट वाढून माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. नजर चुकून तिच्याकडे गेलीच, तर हिरव्या साडीचा एक हलता ढग दिसायचा आणि त्यातून आमटी वाढणारा हात यायचा. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी इतकं कधी बोललो नव्हतो, आणि तेही भिंतीकडे तोंड करून.

"निकमांना मिशी आहे," मी भिंतीला सांगितलं.

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे," पाठीमागून उत्तर आलं.

दहाव्या दिवशी माझ्याच्यानं राहवेना. मी चष्मा डबीत घातला आणि चाचपडत खटावकरांकडे गेलो.

"हा परत घ्या आणि माझा जुना द्या," मी म्हणालो. "सगळं घर पुसट असलेलं चालेल मला. ती एकटी पुसट नको."

खटावकरांनी चष्मा उजेडात धरला. काडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग भिंग लावून बिजागरीत बघितलं.

"हळद आहे," ते म्हणाले.

"असेल. नवीन वस्तू म्हणून हिनं पूजा केली."

"मग घोडं इथंच अडलं. पूजा झालेली वस्तू आम्हाला परत घेता येत नाही, जगदाळे. ती घरातली झाली. सुनेला माहेरी पाठवता येतं, परत करता येत नाही. तसंच हे."

"काहीच सवलत नाही?"

"तुम्ही कधी सुटलेली गाडी मागं बोलावलीत?"

नव्हती बोलावली. एकदा आमदारांसाठीसुद्धा नाही. नियमाचा माणूस नियमापुढे काय बोलणार? मी चष्मा घालून घरी आलो. वाटेत सगळ्या पाट्या लख्ख वाचता येत होत्या, आणि एकही वाचावीशी वाटली नाही.

दुपारी जेवताना मी भिंतीला सगळं सांगितलं. परत द्यायला गेलो होतो, हळद निघाली, घेतला नाही. मागचा भाकरी मोडायचा आवाज थांबला.

"पाट्या दिसत नव्हत्या म्हणून घेतला ना चष्मा?" ती म्हणाली.

"हो."

"मग परत देऊन काय केलं असतं? माझ्या भावाला पुन्हा पलूसला धाडलं असतं?"

"धाडलं असतं," मी म्हणालो.

मग मागून हात आला आणि न विचारता आणखी एक वाटी आमटी वाढून गेला. मी पुढचे चार दिवस विषय काढला नाही. माळा, उंबरा, परसातलं कढीपत्त्याचं झाड, सगळ्यांच्या पुढे खुणा झाल्या. पत्रकात तिची तेवढी ओळ राहिली.

पंधराव्या दिवशी खटावकर साडेपाचलाच आले आणि पलंगाच्या कडेला बसले. पत्रक वरून खाली वाचलं.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "एक ओळ रिकामी दिसते."

"ती तशीच राहील बहुतेक."

"पावणेसहाच्या आत बसायला लागेल. नंतर पाव तास भरत नाही."

मी घड्याळाकडे बघत बसलो. पाच चाळीस झाले. शेवटची गाडी फलाटावर उभी आहे, प्रवासी येत नाही आणि आपल्याला घोषणा करायचीच आहे, अशी वेळ माझ्यावर पूर्वी पुष्कळदा आली होती. तेव्हा मी घोषणा करून मोकळा व्हायचो. या वेळी मी घोषणा केली नाही. पाच त्रेचाळीसला स्वयंपाकघरातून ती आली, पदराला हात पुसत. तिनं खुर्ची ओढली, माझ्यापासून दीड हात हातानंच मोजले आणि बसली. अजून ती हिरवा ढगच होती.

"खटावकर भाऊजी, आधी एक लिहून घ्या," ढग म्हणाला. "मला चष्मा नाही. मला हे आठ वर्षं लख्ख दिसतायत. कानातले केस, गळ्याखालची कातडी, झोपेत उघडं पडणारं तोंड. मला कुणी पत्रक दिलं नव्हतं, की पंधरा दिवस दिले नव्हते. सवय व्हायला दोन वर्षं लागली मला. मोरीत जाऊन रडलेसुद्धा, हे म्हातारे व्हायला लागले म्हणून. ते काम ह्यांच्यामागं कशाला, असं वाटत होतं."

"मग आता?" खटावकरांनी विचारलं.

"आता हे माझ्यापायी सगळं घर पुसट करून घ्यायला निघाले म्हटल्यावर बसायला नको का?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. पण मधे दुसरं काही करायचं नाही हा नियम असल्यामुळे मी तिच्याकडे बघत राहिलो.

आधी तिचे हात दिसले. नखाला लसणाचं साल चिकटलं होतं. मग कोपर, मग खांद्यावरची पिन. भांग बाराव्या मिनिटाला आला, आणि त्याच्या खाली, एकदम नाही, हळूहळू, तिचं तोंड आलं.

"काय दिसतं?" तिनं विचारलं.

"वांग."

"किती?"

"डावीकडे तीन. उजवीकडे दोन."

"उजवीकडे अडीच आहेत. एक अजून येतोय."

मी नीट बघितलं. अडीच होते. ती हसली तशी दाताची फट दिसली, आणि मला ती फार आवडली. हे मी मोठ्यानं म्हणालो, परक्या माणसासमोर, या वयात. खटावकर कॅलेंडर वाचायला लागले.

सहाला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी पत्रक तिच्यापुढे धरलं. "भरला पाव तास. वहिनी, इथं सही करा आणि उठा आता."

तिनं सही केली. उठली मात्र नाही.

"ह्यांचं झालं," ती म्हणाली. "माझं कुठं झालंय? पंधरा दिवस मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलेलं नाही. ह्या काळ्या काड्या, हे काचेमागचे एवढाले डोळे. चष्म्यातले हे मला नवीनच आहेत."

खटावकरांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि विचार केला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी पिशवीतून कोरं पत्रक काढलं, वर सौ. विजयमाला जगदाळे असं लिहिलं, खाली मुदत पंधरा दिवस लिहिली, आणि पहिल्या ओळीत माझं नाव घातलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जगदाळे, हलू नका."