सात नंबरचं तण

कपडे वाळत घालायला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ बाळाला लॉनवर सोडावं, एवढंच तिने ठरवलं. (या घरात तिने स्वतःहून ठरवलेल्या गोष्टी तशा मोजक्याच, आणि त्यातली एकही नीट पार पडलेली नव्हती.)

लॉन सासऱ्यांचं. चार चटया अंथरल्या की संपेल एवढंच, पण त्यांच्या तोंडून ऐकलं तर मैदान. सासरे केमिकलच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. रिटायर झाले, पण स्टोअर काही अंगातून गेलं नाही. लॉनमध्ये नवीन तण दिसलं की त्याचा नमुना वाळवून ते रजिस्टरमध्ये चिकटवायचे. वर नंबर, खाली शेरा. नंबर तीन, लव्हाळा: 'जमिनीत गाठ असते, नुसतं ओढू नये.' नंबर पाच, नाव माहीत नाही: 'गरीब दिसतं, पण नजर ठेवणे.'

तिसरा टॉवेल झटकून ती वळली, तर ढब्बू काहीतरी चघळत होता.

अकरा महिन्यांच्या ढब्बूचं तोंड उघडणं म्हणजे गंजलेलं कुलूप उघडणं. तिने गाल दाबले, बोट घातलं, बोटाला चावा बसला, तेव्हा कुठे अर्धं पान बाहेर आलं. एका देठाला तीन पानं जोडलेली असतात ना, त्यातलं. उरलेलं कुठे गेलं, हे विचारायची सोय नव्हती. ढब्बू हसला. तिला ते हसणंही रोजच्यासारखं वाटेना.

ढब्बूला काखेत मारून ती तशीच आत पळाली. रजिस्टर उघडलं. तीन, पाच, सहा... सात. तेच पान. नाव नाही, शेरा नाही. शेजारी लाल शाईने काढलेली कवटी आणि खाली दोन हाडं.

तिने मोबाइल उचलला. सासऱ्यांना फोन लावला, तर तो फ्रिजवरच वाजला. ते केस-दाढी करायला गेले होते. नवरा कामावर, तिथे फोन लॉकरमध्ये. तिने ढब्बूचे ओठ पाहिले. निळे नव्हते. पुन्हा पाहिले. थोडे निळे वाटले.

मग तिने हातातलं अर्धं पान स्वतःच्या तोंडात टाकलं. विष असेल तर आपल्याला कळेल, असा विचार. आंबट लागलं. गिळल्यावर लक्षात आलं, आता आपणही पडलो तर डॉक्टरांना सांगणार कोण?

"काकू!" ती कुंपणावरून ओरडली.

शेजारच्या शिंपीणकाकू गळ्यात टेप घेऊनच आल्या.

"काय खाल्लं?"

"कवटीवालं."

"त्याने?"

"दोघांनी."

काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पोराने खाल्लं ते समजलं. तुला कुणी भरवलं?"

"काकू, चला ना लवकर."

"नमुना घे. डॉक्टर नमुना मागतात."

पण पान तर पोटात गेलेलं. तिने वाळत घातलेला उशीचा अभ्रा ओढला आणि ढब्बू बसला होता तिथून दोन्ही हातांनी जे येईल ते उपटून त्यात कोंबलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. पहिल्याच वळणावर चपलेचा पट्टा तुटला. ती एका चपलेवर धावली. ढब्बू झोपायला लागला की ती त्याला चिमटा काढायची, तो रडला की तिच्या जिवात जीव यायचा.

डॉक्टरबाईंनी ढब्बूला तपासलं. त्याने स्टेथोस्कोपची नळी ओढली.

"किती वाजता खाल्लं?"

"तिसऱ्या टॉवेलला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. तिने काखेतून आणलेलं रजिस्टर पुढे सरकवलं. कवटी पाहून त्या खुर्चीतून उठल्याच. "हे कुणी काढलं?"

"सासऱ्यांनी. ते केमिकलमध्ये होते."

"बोलवा त्यांना."

डॉक्टर घाबरल्या म्हटल्यावर तिचा उरलासुरला धीरही सुटला. तिने ढब्बूला इतकं आवळून धरलं की तो लाल झाला, आणि लाल झाला म्हणून ती आणखी घाबरली.

काकूंनी सासऱ्यांना न्हाव्याच्या खुर्चीवरून उठवून आणलं. एक गाल साफ, एका गालावर साबण.

"आजोबा, हे सात नंबर काय आहे?"

"आंबुशी. शाळेतून येताना आम्ही मूठमूठ खायचो."

"मग कवटी कशाला?"

"चार वेळा उपटली, पाच वेळा उगवली. जे माझ्या हातून मरत नाही, त्याला कवटी."

डॉक्टरबाईंनी रजिस्टर मिटलं. "एवढ्याशा पानाने काही होत नाही. न्या घरी." मग तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही आधी पाणी प्या."

ती रडायला लागली. ढब्बूने तिच्या नाकात बोट घातलं. सासरे तिच्याजवळ बसले, साबणाच्या गालाने म्हणाले, "अगं, मला विचारायचंस." मग त्यांचं लक्ष अभ्र्याकडे गेलं. "यात काय?"

"नमुना, बाबा."

त्यांनी हात घातला, मूठ बाहेर काढली, उजेडात धरली. एकेक पातं वेगळं करून पाहिलं.

"यात आंबुशीचं एक पान नाही," ते हळूच म्हणाले. "हे सगळं माझं लॉन आहे."

घरी येताना वळणावर पडलेली तिची तुटकी चप्पल त्यांनी उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी केर काढताना तिला रजिस्टर उघडंच दिसलं. नवीन पान होतं. नमुना म्हणून चपलेचा तुटलेला पट्टा चिकटवला होता. नंबर बारा, सूनबाई: 'पाच मिनिटांत चटईभर लॉन मुळासकट काढते. तणाला धक्का लावत नाही.'

शेजारी लाल शाईत कवट्या होत्या. दोन.