टाकेकाकांचं बी काढायचं यंत्र

"ताई, आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही!" बेकरीत पाऊल टाकल्या टाकल्या टाकेकाकांनी जाहीर केलं. "बसूच नये! माझा स्वतःचा अजून बसलेला नाही!"

बेकरीवाल्या ताई गरम पावांवर फडकं टाकत म्हणाल्या, "जॅम आणलात का, काका?"

प्रश्न सरळ होता, म्हणूनच अवघड होता. टाकेकाकांच्या सूनबाईची ही आयुष्यातली पहिली ऑर्डर! चेरीच्या जॅमच्या सहा बरण्या, संध्याकाळी पाचच्या आत. पसंत पडल्या तर दर आठवड्याला. तिने दोन किलो चेऱ्या धुऊन ठेवल्या, बाटलीच्या तोंडावर एकेक चेरी ठेवून विणायच्या सुईने बी आत कशी पाडायची ते सासऱ्यांना दाखवलं आणि ती बरण्या आणायला बाजारात गेली. आता तीन वाजले होते, चेऱ्या शिल्लक नव्हत्या आणि सूनबाई घरी पोचायच्या आत काकांना एका दिवसाची मुदत मिळवायची होती.

"तेच तर सांगतोय! चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केलेला माणूस मी. बाटली नि सुई घेऊन बसू? मशीनच कामाला लावलं! सुईच्या जागी खिळा, खाली चेरी. पाय मारला की खच्च!"

"मग अडलं कुठे?"

"अडलं नाही, हीच पंचाईत! थांबेचना! मी पाय काढून घेतला तरी मशीन आपलं सुसाट. रुसलेल्या आत्याबाईसारखं, कुणाचं ऐकेल तर शपथ! बिया सुटल्या बंदुकीच्या गोळ्यांसारख्या. पहिली बसली घड्याळावर. बाराचे टोले पडले!"

"वाजले किती होते?"

"सव्वादहा!"

ताईंनी हसू दाबलं. काकांना आणखी चेव आला.

"दुसरी गेली समोरच्या गच्चीवर. तिथे मास्तर डोळे मिटून व्यायाम करत होते. टकलावर टण्ण! त्यांना वाटलं, बायकोने बोलावलं. 'आलो, आलो' करत धावले खाली!"

"अहो, पण बी गेली तरी चेरी मागे राहते ना?"

काकांनी लगेच पुढचा टाका घातला. जिभेला हाड नव्हतंच, ब्रेकही नव्हता.

"चेऱ्या बियांच्या मागोमाग! रांगेत! दोन किलोची लाल माळ खिडकीतून निघाली ती थेट चौकात. लाल दिसलं म्हणून गाड्या थांबल्या! पोलीस शिट्टी फुंकतोय, तर शिट्टीत चेरी!"

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, यात पोरीचा काही दोष नाही हो. आठवडाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नाही. एक दिवस द्या. उद्या बाटली घेऊन बसतो, गुमान."

"दिवस दिला असता," ताई म्हणाल्या, "पण माझी काळजी वेगळीच आहे. जॅममध्ये एक जरी बी राहिली नि गिऱ्हाइकाचा दात पडला, तर बेकरी बदनाम. बिया नीट निघाल्या होत्या ना?"

"म्हणजे काय!" काकांची छाती फुगली. प्रश्न चाळीस वर्षांच्या कसबाचा होता. "एकाही चेरीत बी नव्हती! जातीने तपासल्यात!"

"वरून कळतं?"

"छे! वरून काय कळणार? चावून बघितल्या!"

"सगळ्या?"

"अर्थात! एकही सोड..."

काकांनी पटकन जीभ चावली.

"म्हणजे चौकात एकही चेरी गेली नाही, काका! दोन्ही किलो तुमच्या पोटात गेल्यात!" ताई काउंटरवर हात आपटून खदखदून हसल्या. "एवढ्या गोड होत्या, तर सूनबाईला सांगा, सहा नको, बारा बरण्या कर. उद्या पाचपर्यंत. आणि तपासायला तुम्ही बसू नका, मी येते!"