आधी बंद करायला शिका

आमच्या घरी नवा मिक्सर आला त्या दिवशी नाना चहाला आले आणि चहा बाजूलाच राहिला. त्यांनी माझ्या बायकोला ओट्यासमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले, मिक्सर सुरू केला आणि ओरडले, "कर बंद!" ती चाचपडली. तीनदा चाचपडली. चौथ्यांदा तिचा हात बरोबर बटणावर गेला, तेव्हा कुठे नाना खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "आते कर चटणी." बायको पुढे दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जणू नानांना मीच पढवून आणलं होतं.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिकच्या चटया विणायचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकाचा. मी तिथे कामगारांच्या हजेऱ्या, रजा आणि भांडणं सांभाळतो. नाना नव्या माणसांना लूम चालवायला शिकवतात. मूळचे एरंडोलकडचे, साठीला टेकलेले, एकटेच राहतात, आमच्याच कॉलनीत.

"चालवायला शिकवतात" असं मी म्हटलं खरं, पण तेच तर ते शिकवत नाहीत. ट्रेनिंग आठ दिवसांचं. त्यातले पहिले चार दिवस लूम फक्त बंद करायचा. उजव्या हाताने, डाव्या हाताने, पाठमोरं उभं राहून, बोलता बोलता, शिंक येत असताना. माणसं वैतागतात. आम्ही मशीन चालवायला आलो की बंद करायला, असं एकाने तोंडावर विचारलं. नानांचं उत्तर ठरलेलं आहे. "चालू तं माकडबी करी. मशीनले तू कोन शे ते माहीत नही."

हे दुसरं वाक्य त्यांनी मालकाच्या जावयालाही ऐकवलंय. जावई लूमवर वाकून बघत होते आणि त्यांचा टाय खाली लोंबत होता. नानांनी तो सगळ्यांसमोर त्यांच्या शर्टात कोंबला. त्या दिवशी मला दोन डोकेदुखीच्या गोळ्या लागल्या.

बाहेरही तीच तऱ्हा. शिरपूरला एका लग्नात वऱ्हाड नाचत होतं आणि हे जनरेटरवाल्यापाशी उभे. "बंद कोठून व्हस?" तो म्हणाला, डिझेल संपलं की होतो आपोआप. झालं! नाना पंगतीतून दोनदा उठून जनरेटर बघून आले, आणि दुसऱ्यांदा येईपर्यंत जिलेबी संपली होती. माझ्या वाटची मी त्यांना दिली नाही, हेही कबूल करतो.

मी घाईचा माणूस आहे. लिफ्टचं बटण मी दोनदा दाबतो. त्यामुळे नानांचे आठ दिवस माझ्या डोक्यात जायचे. बरं, एवढं शिकलेली माणसं टिकतात का? महिना-दोन महिन्यांत निम्मी सुरतेला पळतात. "नाना," मी एकदा चिडून म्हणालो, "आपण शिकवायचं आणि सुरतेवाल्यांनी वापरायचं, हा कुठला धंदा?"

नाना हातातली चटईची प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळत म्हणाले, "तठे बी हातच शेत ना, भो?"

मी घड्याळात बघितलं.

यंदा नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, पण घाईत माझाही बाप. मोठी ऑर्डर आली होती, चार लूम वाढणार होते, आणि ट्रेनिंग त्यांना दोन दिवसांत हवं होतं. बाकीचं मोबाईलवर फिल्म दाखवून उरका, म्हणाले. अडचण एकच होती. थोरल्या मालकांच्या काळापासून आमच्याकडे नियम आहे की कागदावर नानांची सही झाल्याशिवाय कोणालाही लूमवर उभं करायचं नाही. आणि नाना सही करेनात.

सहीसाठी अडलेल्या पाच कागदांतला एक कल्पनाताईंचा होता. त्या साक्रीकडच्या, अकरा वर्षं पॅकिंगमध्ये होत्या. आमच्या लूमवर आजवर बाई नव्हती. यांनी स्वतः येऊन अर्ज दिला. पॅकिंगच्या सगळ्या बाया त्यांच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या, कारण या पास झाल्या असत्या तर बाकीच्यांनाही दार उघडणार होतं. हात असा चपळ की तुटलेली पट्टी जोडलेली कळायची नाही. तरी नानांनी त्यांना दोनदा नापास केलं. "बंद" म्हटलं की त्या आधी नानांच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग बटण दाबायच्या. एवढंच.

"मनाकडे काबर देखस, बाई? मी काय बटन शे?"

"इचार्‍याबिगर कसं बंद करू, नाना? अकरा वरीस पानी पेवाले बी इचारीसनच जास मी."

नाना चिडले नाहीत. "परत ये," एवढंच म्हणाले. त्या परत आल्या. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत, पण आल्या.

शनिवारी साहेबांनी नानांना केबिनमध्ये बोलावलं. "सोमवारी मला पाच माणसं लूमवर हवीत. सही जमत नसेल तर ट्रेनिंगची खोली मोकळी करा. गेटवर माणूस हवाच आहे." नाना बाहेर पडले. मी मागे धावलो. "करून टाका ना सही, नाना. आपलं काय जातं?"

"आपलं काय बी जात नही," नाना म्हणाले. "त्यास्ना हात जातस."

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब स्वतः ट्रेनिंगच्या खोलीत आले. कल्पनाताई आणि बाकीचे चौघे भिंतीला लागून उभे होते. नानांनी लूम सुरू केला आणि दोन दिवसांत का होत नाही ते साहेबांना सांगू लागले. सांगता सांगता भडकले. मी त्यांना इतकं तावातावाने बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात एक पट्टी तुटली, गुंता झाला. नाना साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलत होते आणि त्यांचा उजवा हात, जुन्या काळच्या सवयीने, गुंता काढायला सरळ चालत्या लूमकडे गेला.

खाडकन लूम थांबला.

"हात, नाना!" कल्पनाताई ओरडल्या. त्यांचा तळवा लाल बटणावर होता. त्यांनी कोणाकडेही बघितलं नव्हतं. नानांचा हात पट्ट्या ठोकणाऱ्या फणीपासून दोन बोटांवर थबकला होता.

नानांनी हात मागे घेतला. मग साहेबांनी हळूच विचारलं, "हे किती दिवसांत शिकलात?"

"ही तिसरी खेप आहे साहेब. तिन्ही वेळा आठ-आठ दिवस," कल्पनाताई म्हणाल्या.

साहेब केबिनमध्ये गेले आणि ऑर्डर आठवडाभर पुढे ढकलायचा फोन त्यांनीच केला. नानांनी एका कागदावर सही केली, कल्पनाताईंच्या. बाकी चौघांना सोमवारी परत यायला सांगितलं. सही वेडीवाकडी आली.

संध्याकाळी मी नानांना नेहमीसारखं स्कूटरवरून घरी आणलं. दारात उतरले, पण आत जाईनात. मग त्यांनी आपल्या बायकोचं, इंदूचं सांगितलं. ती गेली हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. कशी गेली ते कोणाला माहीत नव्हतं. तिला दवाखान्यात नेल्याचा निरोप तेव्हाच्या कारखान्याच्या गेटवर दुपारीच आला होता. मुकादमाने तो शिफ्ट संपेपर्यंत खिशात ठेवला, कारण नानांना सोडलं असतं तर लूम बंद ठेवावा लागला असता. नाना पोचले तेव्हा बोलायला कोणी उरलं नव्हतं.

"मनासाठे आज पहिल्यांदा कोनी मशीन बंद करं, भो," ते म्हणाले.

रोज त्यांना उतरवताना मी गाडी चालूच ठेवतो. त्यांचं "येतो" पुरं व्हायच्या आत मी कोपऱ्यावर असतो. आताही खिशात फोन वाजत होता आणि माझा हात ॲक्सिलरेटरवर होता. मला स्वतःची लाज वाटली. मी किल्ली फिरवली.

गाडी बंद झाली तेव्हा कळलं की नाना रडताहेत. इतका वेळ इंजिनच्या आवाजात ते मला ऐकूच आलं नव्हतं.