मी शांत होईपर्यंत

न्यूट्रॉनच्या संशोधन केंद्रातलं पाणी माझ्या भरवशावर चालतं! यंत्र थंड करून आलेल्या पाण्यात रेडिएशन किती, ते मी मीटरवर बघतो. एवढा जबाबदार माणूस, पण स्वतःच्या बायकोपासून चार महिने लांब! म्हणून चार दिवसांची सुट्टी काढली अन् निलंग्यावरून गावाकडची एसटी धरली. बेत एकच: तनुजासमोरून हलायचं न्हाई!

उंबऱ्यातच मायनं अडवलं. "मल्लिनाथ, तू तिथं करतूस काय नेमकं?"

आतून तनुजा ऐकत होती, म्हणून मी रंगात आलो. तिथंच घात झाला!

"माय, त्या पाण्यात किरणं शिरतेत. मग आम्ही ते टाकीत थांबवून ठेवतो. किरणं आपोआप शांत झाली की पुढं सोडतो."

"किती वेळ थांबवता?"

"काही मिनिटं."

"पाण्याला मिनिटं! अन् तू तर चार महिने तिथंच हाईस!" मायनं माझी बॅग पायानं बाहेर ढकलली. "चल, गोठ्याशेजारच्या खोलीत. शांत झालास की सोडते!"

"अगं, मला काही लागत न्हाई!"

"पाणीबी असंच म्हणत असंल!"

झालं! ताट लांब काठीनं सरकायला लागलं, जसा काही मी पिसाळलेला कुत्रा! म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं. अंगणापलीकडं तनुजा भाकरी थापायची अन् मी खिडकीच्या गजांतून तिच्या बांगड्या ऐकत बसायचो. शेवटी तिनंच फोन लावला.

"जेवलात का?"

"तनुजा, तीस फुटांवर हाय मी!"

"मग हळू बोला. आत्याबाई ऐकतील."

मायसमोर आम्ही कधी धड दोन वाक्यं बोललो नव्हतो. फोनवर मात्र मी सुटलो! मेसमधली पाणचट डाळ, रविवारची रिकामी खोली, तिचा आवाज आठवत घातलेल्या चकरा, सगळं सांगितलं. ती पदराआड फोन धरून ऐकायची. मला इकडून नुसता पदर दिसायचा.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या राजशेखर सरांचा कामासाठी फोन आला. मी त्यांना सगळा घोळ सांगत धावत अंगणात गेलो अन् स्पीकर लावला.

"मावशी," सर मायला म्हणाले, "तो पाण्याला हातसुद्धा लावत नाही. बाहेरच्या खोलीत मीटर बघतो. रोज तपासूनच बाहेर सोडतो आम्ही त्याला. एकदम साफ आहे!"

"मग हे आधी सांगायचं न्हाई का?" माय माझ्यावरच खेकसली. "ये आत!"

आत गेलो. तनुजानं तांब्या पुढं केला. बोटाला बोट लागलं. अन् फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला! गावातून परतीची ती एकच गाडी.

गाडीत टेकलो न टेकलो तोच फोन.

"ओ, सरांना पहिल्याच दिवशी फोन का न्हाई केला?" तनुजा.

"सुचलंच न्हाई गं!"

"मला सुचलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"लग्नापासून तुम्ही इतकं कधी बोललाच नव्हता."

मी काहीतरी लई गोड बोलायला तोंड उघडलं, अन् रेंज गेली!