मुका फोन आणि कानाची तपासणी

घड्याळजींचा फोन बारा महिने सायलेंटवर असे. घड्याळ कानाशी धरून त्याचं दुखणं ओळखायचं, तर शेजारी काही वाजून चालत नाही. पण गिऱ्हाइकं वैतागली, तेव्हा मुलाने फोनला निदान थरथर तरी जोडून दिली. घड्याळजींना तेही पसंत नव्हतं. "सायलेंट म्हणजे मुका. मुक्याने अंगात आल्यासारखं हलायचं कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

आता मात्र दुकानावरच गदा आली होती. गेल्या आठवड्यात बंद पडलंय समजून त्यांनी एक घड्याळ पुरतं खोललं, आणि ते चांगलं चालू होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, कान तपासून घ्या. गेले असतील तर दुकान बंद करू." तेव्हापासून घड्याळजींना अन्न गोड लागत नव्हतं.

दवाखान्यातल्या तपासनीस मुलीने सोबत आलेल्या बायकोला बाहेर बाकावर थांबवलं, त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं आणि हातात एक बटण दिलं.

"काका, अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. मोबाईल सायलेंटवर आहे ना?"

"जन्मापासून!" घड्याळजी म्हणाले. मग तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.

पहिले दोन आवाज ठीक आले. मग सगळं शांत. काचेपलीकडे मुलीचा हात यंत्रावर चालत होता, म्हणजे आवाज सोडले जात होते. इकडे कानात नुसता शुकशुकाट. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात शर्टाच्या खिशात फोन थरथरला. ते दचकले आणि अंगठा बटणावर पडला. मुलीने मान डोलावून काहीतरी लिहिलं. जरा वेळाने पुन्हा थरथर, पुन्हा अंगठा, पुन्हा मान. तिसऱ्या वेळी मात्र अंगठा चुकून पडला असं म्हणता आलं नसतं. कुणी चिकाटीचं गिऱ्हाईक दिसतंय, देव त्याचं भलं करो, असं म्हणत घड्याळजी बटण दाबत राहिले.

"कमाल आहे काका!" मुलीने रिपोर्ट दिला. "जरा उशिरा दाबत होतात, पण कान अगदी तिशीतले!"

जिना उतरताना त्यांनी फोन पाहिला. एकोणीस मिस्ड कॉल, सगळे बायकोचे. आणि बायको तर सारा वेळ बाहेरच्या बाकावर बसून होती.

"अगं, तू करत होतीस?"

"मग काय करणार? आवाज सोडला की तिच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो, बाकावरून दिसत होता. तीन दिवे गेले आणि तुम्ही आपले ढिम्म! म्हटलं, दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर घरात."

घड्याळजींना भरून आलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायको इतकी वेळेवर धावून आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिने तो पर्समध्ये ठेवला.

"आणि हो, माझा भाऊ उद्या येतोय. चार महिने राहील. परवा जेवताना विचारलं होतं तुम्हाला, तुम्ही काही नाही म्हणाला नव्हतात."

परवा जेवताना कुणी काय विचारलं, याचा घड्याळजींना पत्ताच नव्हता. 'कधी विचारलंस?' हे अगदी ओठांवर आलं. पण पर्समधून रिपोर्टचं टोक बाहेर डोकावत होतं.

"हो, ऐकलं होतं ना," ते म्हणाले.