उभ्या रेघांचा पंजाबी ड्रेस

कपड्यांतलं मला कळतं. गर्वानं सांगत नाही, पण आमच्या सातपूरच्या ऑफिसात कुणालाही साडी घ्यायची असली की आधी माझं मत घ्यायचे! आणि भरल्या छातीच्या बाईनं काय घालावं, यात तर माझा हात धरणारं कुणी नाही, कारण तो अभ्यास मी शाळेत असल्यापासून स्वतःवरच केलेला आहे.

शास्त्र सोपं आहे. रंग गडद, रेघा उभ्या, गळा खाली निमुळता. छातीवर झालर नको, खिसा नको, नक्षी तर नकोच नको. थोडक्यात, बघणाऱ्याची नजर तिथं थांबू द्यायची नाही, दुसरीकडे पाठवायची.

हे शास्त्र पणाला लागलं ते शहाऐंशी साली, लुनापायी. आमच्या ह्यांनी, म्हणजे निवृत्तीरावांनी, लुना घेतली आणि मला वाटलं, सुटले! पंचवटी ते सातपूर बसमध्ये रोज पर्स छातीशी कवटाळून उभं राहायचं, म्हणजे वरचा दांडा धरायला हातच उरायचा नाही. ब्रेक लागला की मी थेट कंडक्टरपाशी! त्या बसचा मला मनापासून वीट आला होता.

पहिल्याच दिवशी लुनाच्या चाकात पदर गेला. मी खाली, लुना वर.

"साडीत लुना नाही," ह्यांनी बजावलं.

"मग पंजाबी ड्रेस शिवते!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला सरकलं. "पंजाबी? तुझं हे भरलेलं आंग, आन् वर पदर नाय? लोकं काय म्हन्तील?"

मी दोन दिवस जेवले नाही तेव्हा तडजोड झाली. ड्रेस एकच शिवायचा. रविवारी घालून दाखवायचा. सासूबाईंना पसंत पडला तर लुना माझी, नाही तर जन्मभर बस. निकालाच्या वेळी हव्यात म्हणून सायखेड्याहून बयाआत्यांनाही बोलावणं गेलं. बयाआत्या म्हणजे सासूबाईंच्या नणंद, आणि त्यांना आजवर काहीही आवडलेलं नाही.

मी निळं कापड आणलं, पांढऱ्या उभ्या रेघांचं. गल्लीतल्या गोटीराम टेलरकडे गेले. या माणसानं जन्मात ब्लाउजशिवाय काही शिवलं नव्हतं.

"पंजाबी शिवता ना?"

"शिवतो की!"

आता माप. आमच्या गल्लीत कुठलीच बाई शिंप्याला टेप लावू देत नाही. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज कागदात गुंडाळून द्यायचा, तेच माप. मीही माझा सगळ्यात चांगला ब्लाउज दिला आणि वर बोलले, "अगदी अस्संच बसलं पाहिजे हं! काही बदल करू नका."

"बदल? आपण काय येडे का, ताई!"

रविवारी सकाळी ड्रेस आला. उलगडला आणि मी पलंगावर बसले. गोटीरामनं गुडघ्यापर्यंत ब्लाउज शिवला होता! पुढं गळ्यापासून कमरेपर्यंत हुक. पाठीवर नाडी, नाडीला गोंडे. ते एक वेळ चाललं असतं. पण माझा ब्लाउज होता कटोरीचा, म्हणजे छातीवर दोन गोल तुकडे वेगळे कापून जोडलेले. त्यानं इथंही तेच केलं होतं. रेघा गळ्यापासून सरळ यायच्या, छातीशी पोचल्या की गरागरा वळायच्या, आणि मग काहीच झालं नाही अशा खाली सरळ जायच्या. गोदावरीला पूर आल्यावर भोवरे दिसतात ना, तसे दोन भोवरे!

ड्रेस घेऊन तशीच दुकानात धावले. "अहो, या रेघा बघा!"

"लय मेहनतीनं फिरवल्यात, ताई," गोटीराम खुशीत म्हणाला. "दोन्ही बाजू सारख्या आल्या का नाय?"

आल्या होत्या. तेच तर दुखणं होतं!

घरी बयाआत्या येऊन बसलेल्या. मी ओढणी चार पदरी करून पुढून पसरली, जागोजागी पिना टोचल्या आणि देवाचं नाव घेऊन बाहेर आले. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चांगली दिसती की!"

माझा जीव भांड्यात पडला. तो तिथंच राहिला असता, पण ह्यांना उत्साह आला. "मग एक चक्कर मारून दाखव!"

सगळे ओट्यावर आले. मी लुनावर बसले आणि हँडल धरायला दोन्ही हात पुढं केले. माप ब्लाउजचं, काखेत चिमूटभर जागा नाही, आणि ब्लाउज घालून लुना चालवायची असते हे गोटीरामला कुठून ठाऊक? टप्! वरचा हुक गेला. टप्, टप्! पाठोपाठ दोन. मी दचकून मागं झाले, तशा पिना सुटल्या आणि ओढणी गटाराकडे निघाली. आत शमीज होती म्हणून अब्रू वाचली, पण दोन्ही भोवरे अख्ख्या गल्लीपुढे उघडे!

"अगं बाई!" बयाआत्या ओरडल्या. "ह्या रेघा चालल्या कुठं?"

मी घरात पळाले आणि रडले. ड्रेससाठी नव्हे, उद्याच्या बससाठी.

सासूबाई मागोमाग आल्या. मला वाटलं, आता निकाल. तर त्यांनी ट्रंकेतून आपलं नऊवारी लुगडं आणि ढगळ चोळी काढली.

"ऊठ. डोळं पूस. मी ह्याच्यात बैलगाडी हाकलीय सायखेड्याच्या बाजाराला. ह्या फटफटीचं काय घिऊन बसलीस?"

त्यांनी स्वतः नेसवलं. काष्टा आवळला, पदर छातीवरून करकचून घेऊन कमरेला खोचला. मी लुनावर बसले. हात पुढं केले. काही तुटलं नाही, काही उडालं नाही! रामकुंडापर्यंत जाऊन आले, तेव्हा बयाआत्यांनीसुद्धा मान डोलावली.

तेव्हापासून मी रोज लुनावरून ऑफिसला जाते, नऊवारीत. पर्स हँडलला लटकते. साडीबद्दल मात्र ऑफिसात मला आता कुणी विचारत नाही.

पण म्हणून माझं शास्त्र खोटं ठरलं असं समजू नका. नजर दुसरीकडे पाठवायची, एवढंच ते सांगतं. माझ्या छातीकडे आता कुणी ढुंकूनही बघत नाही. अख्खं सातपूर थांबून माझा काष्टा बघतं!