कुएँ को दवा से बचाओ

पाणी आणि सरकारी निधी, दोन्ही वरून खाली येतात आणि वाटेत झिरपतात. फरक इतकाच, की पाणी शेवटी कुठेतरी पोचतं.

शहाऐंशी साली भिलाईच्या एका कार्यालयात शेतातल्या औषधांपासून भूजल वाचवण्यासाठी असा निधी आला. तो मार्चअखेर संपवायचा होता, त्यामुळे भूजलाचा धोका फेब्रुवारीत एकदम वाढला. एक परिसंवाद झाला (सरबतासह), एक जीप रंगवण्यात आली आणि उरलेल्यातून विहिरींवर पाट्या लावायचं ठरलं.

मजकूर देवरावांकडे आला. देवराव मूळचे वर्ध्याकडचे. नोकरी हिंदीत करत आणि विचार मराठीत. त्यांनी मनात म्हटलं, 'विहिरीला औषधापासून वाचवा', आणि कागदावर उतरवलं, 'कुएँ को दवा से बचाओ'. पिकावर फवारायच्या विषाला शेतकरी दवाच म्हणतात, तेव्हा भाषाही जनतेचीच होती. साहेबांनी वाचून मान डोलावली, पेंटरने वाचून रंगवलं.

पहिली पाटी कुरुदला, देवरावांच्या घरासमोरच्या विहिरीवर लागली. पाणी असं गोड, की देवरावांनी घर बांधलं ते त्या विहिरीकडे बघूनच. अख्खी गल्ली तिथे पाणी भरायची.

एका सकाळी शेजारचा चिंधू, धान पिकवणारा सज्जन माणूस, हसत दारात आला.

"भाऊसाहब, आपने ही लिखवाया है न, दवा से बचाओ? अभी आधा शीशी डाल के बचा दिया."

हिंदीतला 'से' मोठा कार्यक्षम शब्द आहे. 'पासून' आणि 'ने' ही दोन्ही कामं तो एकटा सांभाळतो (दोन पदं, एक पगार). चिंधूने विहिरीला दवापासून नव्हे, दवाने वाचवलं होतं.

चुलीवरचा चहा कालच्या पाण्याचा होता, तरी देवरावांच्या पत्नी सुशीलाबाईंनी तो अंगणात ओतला.

"कावून जी," त्या म्हणाल्या, "घरी तर तुमाले 'पासून' बरोबर येते. हापिसात का झालं?"

कार्यालयाने तत्परतेने विहीर बंद केली. पाणी कोणीच पीत नसल्याने तिथलं प्रदूषण शून्यावर आल्याची नोंदही झाली. विहीर उपसायला मात्र पैसे नव्हते. निधी विहीर वाचवण्यासाठी होता, वाचवून झालेल्या विहिरीसाठी नव्हता (उपसलेलं पाणी ओतायचं कुठे, हा पुढच्या वर्षीचा परिसंवाद).

चौकशीत दोषी कोणीच सापडेना, तेव्हा सुशीलाबाईंनी निकाल दिला.

"ज्यानं ज्यानं पाटी वाचून तोंड नाही उघडलं, तो तो रविवारी उपसाले येईन."

साहेब कबूल झाले, पेंटरही झाला. राहता राहिलात तुम्ही. मथळ्यात एकदा आणि वर पुन्हा एकदा, अशी ती पाटी तुम्ही दोनदा वाचलीत आणि बिनतक्रार पुढे गेलात. तेव्हा रविवारी सकाळी सात वाजता. दोर आपापला आणावा.